बाईंच्या वर्गातले अर्जुनराव

जानेफळात नुसतं ‘बाई’ म्हटलं की अन्नपूर्णाबाई. आडनाव, पत्ता काही लागत नाही. एकतीस वर्षं त्यांनी गावची अंगणवाडी चालवली. आज ग्रामपंचायतीत छाती काढून फिरणाऱ्या निम्म्या लोकांची नाकं बाईंनी पुसलेली आहेत, आणि बाई समोरून आल्या की ही मंडळी अजूनही रस्त्याची कड धरतात. पासष्टी झाल्यावर सरकारनं बाईंना घरी बसवलं. पण बाईंना घरी बसू देईल तर ते जानेफळ कसलं!

त्याचं असं झालं. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत अंगणवाडीची सगळी रजिस्टरं मोबाईलात गेली. पोरांची वजनं, उंच्या, कोण आलं, कोण नाही, सगळं त्या काचेवर बोटानं भरायचं. बाई आधी रडल्या, मग चिडल्या, मग शिकल्या. गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या कानावर एवढंच गेलं की आपल्या वयाच्या एका बाईला हे यंत्र येतं. झालं. एकेक जण रुमालात गुंडाळलेला मोबाईल घेऊन दारात उभा राहू लागला.

“घरी नातू नाही का शिकवायला?” बाईंनी पहिल्याच दिवशी झुंबरबाईंना विचारलं.

“शिकवते ना,” झुंबरबाई म्हणाल्या. “हातातून हिसकून घेते, खटखट करते, अन् म्हनते पाह्य आजी, किती सोपं हाये. त्याले सोपं हाये थे तं मले दिसूनच राह्यलं.”

झुंबरबाईंना शाळेचं तोंड माहीत नाही, पण तमाम तरुण मंडळींचं माप त्यांनी एका दमात काढलं. या पोरांना करून देता येतं, शिकवता येत नाही. शिकवायचं म्हणजे समोरच्याला चुकू द्यायचं आणि आपण गप्प बसायचं. ते त्यांच्या बापजन्मी होणार नाही.

बाईंना मात्र तेच येत होतं. समाजमंदिराच्या खोलीत रोज अकरा वाजता त्यांचा वर्ग भरू लागला. नियम दोन. पहिला, बाई कुणाच्याही मोबाईलला हात लावणार नाहीत. समोरच्याला घाम फुटो, रडू येवो, बाईंचे हात पदराखाली. दुसरा, जे शिकायचं ते एकवीस वेळा. प्रत्येकापुढे एकवीस चिंचोके मांडलेले असत. पहिल्यापासून शेवटपर्यंत बिनचूक जमलं की एक चिंचोका डावीकडून उजवीकडे. मध्येच चुकलं तर चिंचोका जागेवर, आणि सगळं बंद करून पुन्हा पहिल्यापासून. तीन वर्षांच्या पोरांना त्यांनी बटणं लावायला असंच शिकवलं होतं. सत्तर वर्षांच्या पोरांना वेगळं काय लागतं?

लागतं म्हणा थोडं. वर्गात कारभारी नावाचे एक आजोबा होते; त्यांची बोटं पन्नास वर्षं कुदळ धरून इतकी राठ झाली होती की काच त्यांना दादच देईना. ते जोर लावत, अंगठ्यानं ढकलत, शेवटी वैतागून म्हणत, “हे मले मानूसच समजत नाई बाई!” मग बाईंनी एक ओलं फडकं मध्ये ठेवलं. बोट ओलं करून पुसायचं आणि मग टेकवायचं. झुंबरबाईंची अडचण निराळी. त्या मोबाईल सुरू झाला की आधी कपाळाला लावून नमस्कार करत. एकदा त्या नमस्कारातच व्हिडिओ कॉल लागला, आणि पुण्याच्या लेकीला पाच मिनिटं आईचं नुसतं कुंकू दिसत राहिलं.

पहिला धडा फोन लावण्याचा. बाईंनी प्रत्येकाला मोबाईलच्या पहिल्याच पानावर ‘बाई’ असं मोठं चौकोनी चित्र करायला लावलं. ते दाबायचं. बाई दहा हातांवर भिंतीला टेकून बसलेल्या. त्यांच्या मांडीवरचा मोबाईल वाजला की त्या अगदी गंभीरपणे उचलत, “हं, बोला. बाई बोलते.” मग तीन प्रश्न. कोण बोलतं? कुठून बोलता? समोर काय दिसतं? कारण म्हातारी माणसं फोन लावतात आणि नुसतं “मी बोलून राह्यलो” म्हणतात, आणि पलीकडच्यानं मी म्हणजे कोण ते ओळखायचं! आलेला फोन उचलणं हा पुढचा धडा. त्यात बोट दाबायचं नसतं, वर सरकवायचं असतं, आणि त्यापायी भलेभले घायकुतीला येत.

या वर्गात मागच्या भिंतीजवळ एक विद्यार्थी बसायचे, अर्जुनराव. वय बाहत्तर. हे बाईंचे यजमान.

अर्जुनराव भाजीवाले. जन्मभर वांगी आणि मेथी केली, मेहकरच्या बाजारात त्यांच्या जुड्यांना गिऱ्हाईक थांबून राहायचं. बोलायला तिखट, पण माणूस मनानं उघडा. चार महिन्यांपूर्वी ते शेतात जातो म्हणून निघाले आणि संध्याकाळी शेजारच्या गावच्या एका माणसाच्या हरभऱ्यात बसलेले सापडले. शांतपणे तण उपटत होते. हे वावर कुणाचं, आपण इथे कसे आलो, काही सांगता येईना. बाईंनी त्यांना बुलढाण्याला नेलं. डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले, प्रश्न विचारले आणि बाईंना बाजूला घेऊन सांगितलं की हे आता वाढतच जाणार. नवीन काही डोक्यात राहणार नाही, जुनंही हळूहळू जाईल. मात्र हाताला लावलेली सवय कधी कधी टिकते.

परतीच्या एस.टी.त बाई खिडकीपाशी बसून रडू यायची वाट पाहत होत्या. रडू आलं नाही. चिखली गेलं, मेहकर गेलं, आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. हातावर झोपलं की जाग आल्यावर तो हात जसा परक्याचा वाटतो, हलवला तर हलतो पण आपल्याला कळत नाही, तसं बाईंना आतून झालं होतं. त्या झाडत होत्या, सारवत होत्या, अर्जुनरावांना आंघोळ घालत होत्या, आणि कशाचंच काही वाटत नव्हतं. गावातल्या बायका मागे म्हणत, बाईचं मन घट्ट आहे. घट्ट कसलं, बाईंना मन सापडतच नव्हतं.

एक गोष्ट तेवढी त्यांनी धरून ठेवली. माणसाला कोंडून ठेवायचं नाही. तो जाणार, आणि जाईल तिथून त्याला फोन लावता आला पाहिजे. एवढं त्याच्या हाताला लावायचं.

पहिला महिना त्यांनी घरीच शिकवून पाहिलं. नवा मोबाईल आणला, त्यावर आपलं नाव घातलं, ‘अन्नपूर्णा’. अर्जुनरावांनी ते पहिलीतल्या पोरासारखं अक्षर अक्षर लावून वाचलं आणि मान वर केली.

“हे कोन बाई?”

चूक बाईंचीच. शेहेचाळीस वर्षांच्या संसारात अर्जुनरावांनी बायकोला नावानं कधी हाक मारली होती? ‘अवं’ म्हणायचं, लोकांत ‘मंडळी’ म्हणायचं, मुलगी झाल्यावर ‘प्राचीची माय’. बाईंनीही त्यांचं नाव लग्नातल्या उखाण्यानंतर उच्चारलं नव्हतं. मग बाईंनी नाव काढून आपला फोटो लावला. अर्जुनरावांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला.

“हे म्हातारी कोन? हिले फोन कायले लावू मी?”

त्यांच्या डोक्यातली बायको पंचविशीत कुठेतरी थांबली असावी. बाईंनी पुन्हा समजावायला घेतलं, तसे ते भडकले. “आता तू मले शिकवशीन? तुले मेथीची जुडी बांधाले कोनं शिकवलं? मी!” आणि मोबाईल खाटेवर भिरकावला.

तेव्हा बाई त्यांना वर्गात घेऊन आल्या. पहिल्या दिवशी हजेरी घेताना त्या सगळ्यांची नावं वाचून वहीवर थांबल्या. झुंबरबाईंनी पदराआड हसून घेतलं. “घ्या ना बाई नाव! इथं सासू नाई बसेल तुमची.” बाईंनी वहीकडे पाहत म्हटलं, “अर्जुनराव.”

“हजर,” अर्जुनराव शाळेतल्या पोरासारखे उभे राहून म्हणाले.

आणि ते शिकायला लागले. घरातला आडमुठेपणा त्या खोलीत नावाला नव्हता. चार माणसं करतात ते आपण करायचं, समोर बाई आहेत, बाई सांगतील तसं वागायचं, एवढं त्यांना पुरत होतं. बाई वर्गात बोलायच्याही शाळेतलं शुद्ध, घरचं वऱ्हाडी नाही. पहिल्या आठवड्यात दिवसाला दोन चिंचोके सरकले. महिनाभरात नऊ. दुसऱ्या दिवशी ते सगळं विसरून येत, बाई पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. दुसऱ्या महिन्यात बाईंच्या लक्षात आलं, अर्जुनराव विसरतात, पण त्यांचा अंगठा विसरत नाही. ‘बाई’ लिहिलेल्या चौकोनावर तो आपला आपण जाऊन पडतो. मात्र उचलण्याचा धडा बाईंनी त्यांना दिलाच नाही. एक हाताला लागतंय तोवर दुसऱ्याचा घोटाळा नको.

एक दिवस वर्ग सुटल्यावर दोघं घराकडे निघाले. मारुतीच्या देवळापाशी अर्जुनराव अदबीनं म्हणाले, “बाई, तुमी बी इकडंच राह्यता का?”

बाईंनी मारुतीला हात जोडले. “हो,” त्या म्हणाल्या, “इकडंच.”

घरी त्यांनी चहा पुढे केला, तर अर्जुनराव अवघडून उठू लागले. “तुमी काऊन तरास घेता बाई? मंडळी येतेच ना आता वावरातून.”

असं मग रोजचंच झालं. वर्गातली बाई दारातून आत आली आणि घरातली बायको निघून गेली. बाईंना ते स्पष्ट दिसत होतं. एकेक चिंचोका उजवीकडे जात होता तसतशा त्या नवऱ्याच्या लेखी मास्तरीण होत होत्या. वर्ग बंद केला असता, पूर्वीसारखं त्यांच्याशी भांडल्या असत्या, तर कदाचित आणखी काही महिने त्यांनी बायकोला ओळखलं असतं. कुणी सांगावं! पण मग हरभऱ्यातून फोन कुणी लावला असता?

मुलगी प्राची नाशिकला असते. तिला हे फोनवर सांगितलं तर ती हुंदके देऊन रडली.

“आई, बाबा तुला ओळखत नाहीत, आणि तू हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगतेस. तुला काही वाटत नाही का गं?”

“वाटीन,” बाई म्हणाल्या. “आधी त्यायचे एकवीस होऊ दे.”

एकवीस झाले ते मार्च महिन्यात, एका सोमवारी. सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. कारभारींना स्वतःचे सतराच झाले होते त्याचंही वाईट वाटलं नाही.

मंगळवारी सकाळी बाई नळावर गेल्या आणि पाण्याची कळशी घेऊन आल्या, तर खाट रिकामी. टोपी खुंटीला, चपला नाहीत. बंडीच्या खिशातला मोबाईलही त्यांच्याबरोबर गेलेला. बाईंनी फोन लावला. घंटा वाजत राहिली, कुणी उचलला नाही. कोण उचलणार? शिकवलं होतं कुणी?

नऊ वाजेपर्यंत बाईंनी आपलं वावर, विहीर, ओढा पाहून घेतला. दहा वाजता सगळा वर्ग जमला. धोतर सावरत कारभारी दुसऱ्या अंगाच्या शेतांत गेले. झुंबरबाई स्टँडवर जाऊन विचारून आल्या. पानठेलेवाला म्हणाला, म्हातारबा सकाळच्या मेहकर गाडीत चढले. मेहकरला ओळखीच्यांना फोन झाले, बाजार पाहून झाला. तिथे ते नव्हते. मेहकरहून चार दिशांना गाड्या सुटतात. त्यातल्या कुठल्या गाडीत हा माणूस बसला असेल ते कुणी सांगावं? बाराच्या सुमारास सगळे समाजमंदिरात येऊन बसले, कारण दुसरं कुठे बसायचं ते सुचेना. बाई भिंतीला टेकून नेहमीच्या जागी बसल्या. चेहरा तसाच कोरा. मांडीवर मोबाईल.

सव्वा वाजता तो वाजला. काचेवर अर्जुनरावांचं नाव. खोलीतली सगळी म्हातारी माणसं एकदम उभी राहिली. बाईंनी झडप घालून फोन कानाला लावला.

“अवो, कुठी हा तुमी? सकाळपासून जीव टांगनीले लावला ना माह्या! कोनाले विचारून गेलते?”

पलीकडे वाहनांचा आवाज. मग अर्जुनरावांचा परका, अदबशीर आवाज आला.

“माफ करजा ताई. भलतीकडं लागला वाटते.”

आणि फोन बंद झाला.

बाई हातातल्या मोबाईलकडे पाहत राहिल्या. तीन महिने त्यांनी त्या माणसाला शिकवलं होतं की हा चौकोन दाबला की कोण बोलतं आणि काय बोलतं. आज तिथे भलतीच बाई, भलत्याच आवाजात ओरडली. त्यानं ठेवला. बरोबरच केलं.

“तुमी लावा ना बाई, लवकर!” कारभारी ओरडले.

“उचलणार नाहीत,” बाई म्हणाल्या. तरी त्यांनी लावला. घंटा वाजून वाजून संपली. पुन्हा लावायला गेलेलं बोट त्यांनीच मागे घेतलं. आपली घंटा वाजत राहिली तर त्यांना लावता कसा येईल?

चुकलं की सगळं बंद करायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं, एवढ्या एका गोष्टीवर आता सगळं होतं. ते त्यांच्या हाताला लागलं असेल, तर तो माणूस पुन्हा फोन लावेल. नसेल तर तो मोबाईल खिशात टाकून कुठल्याही गाडीत चढेल, आणि गाडी कुठे जाते ते कुणालाच कळणार नाही. झुंबरबाई डोळे मिटून ओठ हलवत बसल्या. चार मिनिटं गेली. बाईंनी ती भिंतीवरच्या घड्याळात मोजली.

फोन वाजला.

बाईंनी पदरानं ओठ टिपले. घसा साफ केला. पाठ भिंतीला सरळ टेकवली आणि मगच उचलला.

“हं, बोला. बाई बोलते.”

“हां, बाई!” अर्जुनरावांचा सगळा जीव त्या आवाजात भांड्यात पडला. “मंघानी भलत्याच ठिकानी लागलता. एक बाई लय कावली माह्यावर.”

“कोण बोलतं?”

“अर्जुनराव बोलतो. जानेफळ.”

“कुठून बोलता?”

तिथे ते अडले. बाईंनी घाई केली नाही. मोकळा हात पदराखाली घट्ट धरून ठेवला.

“समोर काय दिसतं?”

“समोर... आश्रमाचं मोठं गेट हाये. लय लोकं येऊन-जाऊन राह्यले. अन् रसवंती हाये, बाकड्यावर बसलो मी.”

“हिवरा आश्रम!” कारभारी दबक्या आवाजात म्हणाले आणि गाडी बघायला धावले.

“छान,” बाई म्हणाल्या. “आता त्या बाकड्यावरून उठायचं नाही. मी येईपर्यंत.”

“तुमी काऊन येता बाई? शाळा हाये तुमाले.”

“शाळा सुटली.”

“मंग एक काम करा,” अर्जुनराव म्हणाले. हे धड्यात नव्हतं. “येता येता माह्या घरी जाजा. मंडळी असन घरी. तिले सांगा, मी बराबर हावो, घोर करू नको. अन् म्हना, जेवून घे. मी घरी नसलो का थे जेवत नाई. तशीच उपाशी बसते चुलीपाशी. लय वर्सं सांगून राह्यलो, आयकतच नाई.”

बाईंनी मोबाईल कानाशी घट्ट धरला. त्यांना वाटलं होतं, त्या माणसाच्या डोक्यातून आपण केव्हाच पुसल्या गेलो. आणि तिथे तर आपण आहोत, चुलीपाशी, न जेवता.

“सांगते,” त्या म्हणाल्या.

कारभारींनी ओळखीच्या एकाची ऑटो आणली. हिवऱ्याला पोचले तेव्हा अर्जुनराव सांगितलेल्या बाकड्यावर ताठ बसले होते, दोन्ही हातांत मोबाईल धरून. “बाई आल्या!” म्हणून ते उभे राहिले. बाईंनी त्यांच्या अंगावरची धूळ झटकली, त्यांना पाणी पाजलं आणि ऑटोत आपल्या शेजारी बसवलं. कारभारी पुढे.

मेहकर मागे पडेपर्यंत अर्जुनराव बाहेर बघत होते. मग एकदम वळले.

“बाई, निरोप देल्ला का घरी?”

“दिला.”

“जेवली का थे?”

हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. त्यांचं समाधान झालं असतं आणि वाट सरली असती. पण बाईंनी विद्यार्थ्याला खोटं कधी सांगितलं नव्हतं.

“नाही,” त्या म्हणाल्या. “तुमच्यासाठी थांबली आहे.”

अर्जुनरावांनी पुढे वाकून ऑटोवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. “जरा जोरानं घे ना बाप्पा. घरी मंडळी उपाशी हाये माही.”

ऑटोवाल्यानं जोर केला. आणि जानेफळच्या अलीकडे दोन-तीन किलोमीटरवर, नवऱ्याच्या शेजारी बसलेल्या अन्नपूर्णाबाईंना चार महिन्यांत पहिल्यांदा कडकडून भूक लागली.